जुन्या स्पोर्ट्‌स कारचं रूफ लायनिंग आणि डोअर पॅड: आपल्याकडच्या उन्हात टिकेल असं काम कसं करायचं

मे महिन्यातल्या दुपारी गाडीत बसलं की छताचं कापड टाळूला टेकतं. डोअर पॅडचं (दाराच्या आतल्या पॅनेलचं) रेक्झिन काचेच्या कडेनं सुटून आत वळलेलं असतं. खिडकीच्या बटणावर बोट ठेवलं की बोटाला काळा चिकटा येतो. पंधरा वर्षांच्या पुढच्या दोन दारी गाड्यांमध्ये हे दुखणं मी छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत पाहत आलो आहे, आणि त्यावरचे चुकीचे इलाजही तितकेच पाहिले आहेत. कुणी सिरिंजनं कापडामागं सोल्युशन (चिकटवायचा गोंद) सोडतं, कुणी टाचण्या मारतं, कुणी जुन्या फोमवरच नवं कापड ओढतं. यातलं एकही काम दुसरा उन्हाळा पाहत नाही.

कारण समजून घ्या, मग पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटेल. छताचं कापड पत्र्याखालच्या, छताच्या आकाराच्या पुठ्ठ्याला थेट चिकटवलेलं नसतं. कापडाच्या पाठीला 2 ते 3 मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेनचा फोम असतो आणि तो फोम पुठ्ठ्याला चिकटवलेला असतो. बाहेर 42 अंश असताना उन्हात उभ्या, बंद गाडीतली हवा साठीच्या पुढं जाते आणि छताचा पत्रा तर तव्यासारखा तापतो. वर्षानुवर्षं ही उष्णता आणि पावसाळ्यातली दमट हवा खाऊन फोमचा भुगा होतो. म्हणजे गोंद सुटलेला नसतो, फोम मेलेला असतो. जालन्यात कुशनचं काम करणाऱ्या एका वयस्कर चाचांनी माझ्या गाडीच्या छताला बोट लावून ते माझ्यासमोर धरलं. बोट हळद लागल्यासारखं पिवळं झालं होतं. "साहेब, फोमची माती झालीय. मातीवर कापड कसं धरंल?" म्हणाले. सगळी गोम त्या मातीत आहे.

2010 साली छत्रपती संभाजीनगरात एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या गेल्या होत्या. त्या सुमाराच्या महागड्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या झाल्यात, आणि त्यातल्या कूपे (दोन दारी, पक्क्या छताच्या गाड्या) दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडं आल्यात. कंपनीकडून अख्खं लायनिंग मागवणं बहुतेकांना परवडत नाही. घरच्या शेडमध्ये, दोन माणसांत, दोन शनिवार-रविवार दिले तर हे काम नीट होतं. मात्र क्रम सोडायचा नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. छत घडी होऊन डिक्कीत जाणाऱ्या गाड्यांच्या (मर्सिडीज एसएलके, दुसऱ्या पिढीची बीएमडब्ल्यू झी-फोर) छताला ही पद्धत लावू नका. तिथलं लायनिंग यंत्रणेबरोबर हलतं आणि मिलिमीटरभर जाडी वाढली तरी अडकतं. डोअर पॅड, पिलर (छत धरणारे काचेलगतचे खांब), बटणं यांचा भाग मात्र त्या गाड्यांनाही लागू आहे.

## पायरी 1: महिना ठरवा

लोक सगळ्यात जास्त इथंच फसतात, म्हणून हीच पहिली पायरी.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यान करा. सोल्युशनला 20 ते 30 अंशांची कोरडी हवा लागते. एप्रिल-मेमध्ये ते फवारताना हवेतच अर्धं सुकतं आणि पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पडतात. छताच्या एका टोकाला फवारून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक मेलेलं असतं. पावसाळ्यात उलटा घोळ होतो. सोल्युशनमधलं द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं बाष्प जमतं आणि पांढुरकी साय धरते. त्या सायीवर कापड चिकटल्यासारखं दिसतं, पण धरत नाही. माझं पहिलं छत मी आषाढात केलं होतं. पोळ्याच्या आत ते आरशापासून सुटायला लागलं आणि सगळं पुन्हा काढावं लागलं.

जागा बंदिस्त, पण हवा खेळती हवी. कापसाच्या हंगामात अंगणात करू नका, हवेतलं रुईचं तूस ओल्या सोल्युशनवर येऊन बसतं. काळ्या मातीची धूळही तशीच. फरशीवर आदल्या दिवशी पाणी मारून झाडून घ्या आणि पूर्ण वाळू द्या. सोल्युशनची वाफ पेट घेते, त्यामुळं त्या शेडमध्ये वेल्डिंग, गॅस, विडी-सिगारेट काही नको.

## पायरी 2: सामान आणि दोन घरगुती परीक्षा

हत्यारं थोडीच लागतात: ट्रिम (आतली प्लास्टिकची झाकणं-पॅनेलं) काढायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचा सेट, टॉर्क्स म्हणजे चांदणीच्या टोकाचे बिट (टी-20, टी-25, टी-30 हे हमखास), फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, मास्किंग टेप, हेअर ड्रायर, नायलॉनचा मऊ ब्रश, नवी धारदार ब्लेडं. स्क्रू ड्रायव्हरनं ट्रिम उचकटू नका. जुनं प्लास्टिक उन्हानं पापडासारखं कडक झालेलं असतं, टोक लागलं की टवका उडतो.

स्क्रू ठेवायला स्वयंपाकघरातला जुना मिसळणाचा डबा घ्या. सात वाट्या, सात भाग. प्रत्येक वाटीत टेपचा तुकडा टाकून त्यावर "ड्रायव्हर दार, खालचे" असं लिहा. दोन मिलिमीटर लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर पॅडच्या बाहेरून टोक वर येतं, आणि हे बसवून झाल्यावरच कळतं.

क्लिपा आधी मागवा. काढताना पाचातली एक तुटतेच असं धरून चाला आणि पूर्ण संचापेक्षा जास्तच घ्या. एखादी जुनी क्लिप काढून तिचा दांडा आणि दाराच्या पत्र्यातलं भोक मोजा. क्लिपेचा रंग बहुतेकदा तिचा प्रकार सांगतो, त्यामुळं "साधारण तशीच दिसते" यावर भागवू नका. वाळूज-चिकलठाण्याकडच्या दुकानांत मिळाल्या नाहीत तर पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नमुना घेऊन जा. फोटो पाठवून मागवलेली क्लिप निम्म्या वेळा चुकीची येते.

छतासाठी फोम लावलेलंच रूफ लायनिंगचं कापड घ्या. पन्हा साधारण दीड मीटर असतो. कूपेला दोन मीटर लांबी घेतली की छत, सनवायझर आणि एखाद्या चुकीपुरतं कापड निघतं. पिलरसाठी त्याच कापडाचा पातळ किंवा फोम नसलेला प्रकार मिळतो का बघा. डोअर पॅडसाठी साधारण 1 मिलिमीटरचं, चारही बाजूंना ताणलं जाणारं रेक्झिन घ्या. सोफ्याचं रेक्झिन स्वस्त पडतं, पण ते एकाच दिशेला ताणलं जातं आणि आर्मरेस्टच्या वळणावर चुण्या पडतात.

पहिली परीक्षा, कापडाची: दुकानातच स्टीलची वाटी मागा, कापड तिच्या तोंडावर धरा आणि मुठीनं आत दाबा. वाटीच्या तळापर्यंत चुणी न पडता गेलं तर ते छतावरच्या दिव्याच्या खळग्यातही जाईल. कडेला घड्या पडल्या तर ते कापड परत द्या.

दुसरी परीक्षा, सोल्युशनची: डब्यावर ते किती तापमान सहन करतं हे लिहिलेलं असतं. छतासाठी 80 अंशांच्या खालचं घेऊ नका. तरी लेबलावर विसंबू नका. ऑक्टोबर हीटमध्ये त्याच कापडाची चार बोटं रुंद पट्टी एका प्लास्टिकच्या तुकड्यावर चिकटवा, एक दिवस सुकू द्या, मग दोन दिवस उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवा. गरम असतानाच ओढा. फोम फाटला पाहिजे आणि सोल्युशन जागेवर राहिलं पाहिजे. अख्खी पट्टी सालीसारखी निघाली तर ते सोल्युशन चपलांच्या कामाला राहू द्या.

## पायरी 3: बॅटरी काढण्याआधी काचा खाली घ्या

ऑडी टीटी, एसएलके, झी-फोर अशा गाड्यांच्या दारांना काचेभोवती चौकट नसते. हँडल ओढलं की काच आपोआप थोडी खाली सरकते आणि दार लागलं की वर जाऊन रबरात बसते. बॅटरी काढली की हे सरकणं बंद होतं. तेव्हा दार ओढून लावलंत तर काच वरच्या रबरावर आणि पट्टीवर आदळते. पट्टी वाकते, रबर फाटतं, काचही जाऊ शकते.

म्हणून क्रम असा:

1. दोन्ही काचा पूर्ण खाली घ्या. फक्त काचेची मोटर तपासायची असेल तेव्हाच वर.
2. डिक्की उघडून ठेवा. बॅटरी डिक्कीत असेल आणि डिक्कीचं कुलूप विजेवर चालत असेल, तर झाकण लागलं की आत जायला वाटच उरत नाही. लॉकच्या खाचेत कापडाचा बोळा घालून ठेवा.
3. स्टिअरिंग सरळ करा, चावी काढा आणि गाडीपासून लांब ठेवा.
4. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून टेपनं गुंडाळा.
5. किमान 15 मिनिटं थांबा. गाडीच्या पुस्तकात जास्त वेळ दिला असेल तर तो पाळा. एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेली वीज उतरायला हा वेळ लागतो.

सावधान: पिवळ्या रंगाचे कनेक्टर एअरबॅगचे असतात. त्यांना टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावायचा नाही. हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज उतरवा. पिवळा कनेक्टर सुटलेला असताना बॅटरी जोडून चावी फिरवू नका. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो स्कॅनरशिवाय जात नाही.

## पायरी 4: एका वेळी एकच बाजू

दोन्ही दारांचे पॅड एकदम काढायचा मोह होतो, सामान एकदाच पसरावं म्हणून. तसं करू नका. ड्रायव्हरची बाजू पूर्ण होऊन बसेपर्यंत डावी बाजू जशी आहे तशी ठेवा. कुठली पट्टी कुठल्या पट्टीवर चढते, वायर कुठून वळते, रबराची ओठाळी ट्रिमच्या आत की बाहेर, हे तेव्हा समोरच्या दाराकडं पाहून कळतं. फोटो काढाच, पण फोटोत जाडी आणि खोली दिसत नाही.

छतापर्यंत जाताना क्रम खालून वर असतो: आधी दाराच्या उंबऱ्याची पट्टी, मग दाराभोवतीचं रबर, मग मागच्या बाजूची पॅनेलं, मग काचेलगतचे पुढचे पिलर, सगळ्यात शेवटी छत. एक भाग दुसऱ्याच्या कडेवर बसलेला असतो. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर तुम्ही बहुधा एक भाग विसरला आहात. थांबा आणि शोधा.

पुढच्या पिलरच्या मागं बऱ्याच गाड्यांत पडदा एअरबॅग (बाजूच्या काचेवर पडद्यासारखी उघडणारी) असते. तिथली क्लिप दोन टप्प्यांत सुटते आणि तिला एक पट्टा असतो. एअरबॅग उघडताना ट्रिम उडून चेहऱ्यावर येऊ नये म्हणून तो दिलेला असतो. ही क्लिप अनेक गाड्यांत एकदाच वापरायची असते. नवीन आणा. जुनी पुन्हा बसल्यासारखी वाटली तरी नवीनच लावा.

## पायरी 5: डोअर पॅड

लपलेले स्क्रू शोधणं हेच इथलं खरं काम. ते सहसा चार जागी असतात: ओढायच्या हँडलच्या झाकणामागं, आर्मरेस्टच्या तळाला, आतल्या कडीच्या वाटीत आणि आरशामागच्या त्रिकोणी झाकणाखाली. झाकणं काढायच्या आधी हेअर ड्रायरनं मिनिटभर कोमट करा, मग प्लास्टिकची पट्टी घाला.

सगळे स्क्रू निघाले की खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. क्लिपेच्या अगदी जवळ पट्टी घालून एकेक सोडवत चला. दोन क्लिपांच्या मधे हात घालून खेचलं तर क्लिप दारात राहते आणि पॅडचं घर फाटतं. खालच्या आणि बाजूच्या क्लिपा सुटल्या की पॅड सरळ वर उचला, कारण वरची कड काचेलगतच्या खाचेत अडकवलेली असते. पॅड लगेच दूर न्यायचा नाही. मागं कडीची तार आणि दोन-तीन कनेक्टर असतात. पॅड मांडीवर टेकवा, तारेचं टोक फिरवून काढा, कनेक्टरची कुलपं दाबून सोडवा.

सावधान: पॅडमागं दाराच्या पत्र्यावर पातळ प्लास्टिकचा किंवा फोमचा पडदा काळ्या चिकट दोरीनं लावलेला दिसेल. तो फाडू नका. काचेवरून दारात उतरलेलं पावसाचं पाणी या पडद्यामुळंच आत न येता दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जातं. पडदा फाटला की पहिल्या मोठ्या पावसात पायाखालची मॅट ओली होते, आणि लोक मग एसीच्या पाइपला दोष देत बसतात. काढावाच लागला तर पुन्हा लावताना नवी ब्यूटाइल टेप (रबरासारखी मऊ, चिकट दोरी) वापरा. साधी दुहेरी टेप उन्हानं सुटते.

जुनं रेक्झिन काढताना ते फेकू नका. शिवण असेल तर उसवा, तुकडे सपाट करा, पाठीवर दिशेचे बाण आणि क्रमांक घाला. तोच तुमचा नमुना. मात्र जुनं रेक्झिन उन्हानं आकसलेलं असतं. त्याच्या कडेबरोबर कापलंत तर नवं कमी पडतं. चारी बाजूंनी किमान 4 सेंटिमीटर जादा ठेवा.

पॅडचा सांगाडा पुसायला पेट्रोल किंवा थिनर वापरू नका. त्यानं एबीएस प्लास्टिकवर केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्या आज दिसत नाहीत, पण पुढं स्क्रू आवळताना तिथूनच प्लास्टिक तुटतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं, तेही आधी मागच्या बाजूला लावून बघा.

## पायरी 6: छत बाहेर काढणं

सनवायझर, आतला दिवा, धरायचे हँडल, कपड्याचे हुक, मागच्या कडेच्या बटणासारख्या क्लिपा हे सगळं काढा. दिव्याची वायर पुठ्ठ्याला मागून चिकटवलेली असते. ती आधी सोडवा, नाहीतर छत खाली घेताना कनेक्टर उपटतो.

आता दोन माणसं. पुढच्या सीट पूर्ण मागं आडव्या करा. मागं उघडणारी काच असलेल्या कूपेत छत मागूनच काढा. तिथून निघत नसेल तर एक सीट काढावी लागते, मग सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला पायरी 3 मधले सगळे नियम लागू.

छताचा पुठ्ठा वाकवायचा नाही, जरासुद्धा नाही. एकदा घडी पडली की नव्या कापडाखालून ती रेघ कायम दिसते. निघत नसेल तर फिरवून, तिरपं करून बघा. आम्ही एकदा अर्धा तास नुसतं फिरवत होतो आणि शेवटी ते एका कोनात अलगद सटकलं. बाहेर आल्यावर सतरंजी टाकलेल्या दोन बाकांवर उलटं न ठेवता सुलटं, म्हणजे कापडाची बाजू वर, ठेवा, म्हणजे त्याचा बाक टिकतो.

## पायरी 7: ती पिवळी माती

इथं वेळ द्या. एकूण कामाचा निम्मा वेळ इथं गेला तरी चालेल.

कापड हातानं ओढलं की निघून येतं. मागं राहतो तो नारिंगी-पिवळा, थोडा कोरडा आणि थोडा चिकट थर. मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. पुठ्ठ्यात काचेचे तंतू असतात आणि ते घामाच्या अंगाला दोन दिवस टोचतात.

मऊ ब्रशनं, कोरडंच, छोट्या गोल हातांनी घासा. तारेचा ब्रश पुठ्ठ्याची साल काढतो. पाणी लावलं की पुठ्ठा फुगतो. घासा, व्हॅक्यूम मारा, पुन्हा घासा. कोपरे आणि दिव्याचा खळगा हमखास राहतो, आणि छत पुन्हा सुटायला सुरुवातही तिथूनच होते.

कुठं तडा गेला असेल किंवा हँडलजवळ पुठ्ठा मऊ पडला असेल तर वरून नाही, पाठीमागून काचेच्या कापडाचा तुकडा इपॉक्सी रेझिननं लावा आणि एक रात्र जाऊ द्या.

तपासणी: काळं सुती फडकं घेऊन पूर्ण छतावर एकदा हलक्या हातानं फिरवा. फडक्यावर पिवळं आलं तर अजून झालेलं नाही. दुसरी खूण, मास्किंग टेपचा वीतभर तुकडा दाबून लावा आणि ओढा. टेपच्या पाठीवर भुगा दिसता कामा नये. मी सहा जागी टेप लावून बघतो, त्यातल्या चार कडेला.

## पायरी 8: चिकटवणं

कापड छतावर कोरडंच पसरून बघा. चारी बाजूंनी 5 सेंटिमीटर जादा आलं पाहिजे. कापडाला लव असते, ती पुढून मागं जाईल असं ठेवा आणि सनवायझरचे तुकडेही त्याच दिशेनं कापा. दिशा उलटी झाली तर एकाच कापडाचे दोन रंग दिसतात.

मग कापडाचा पुढचा अर्धा भाग मागं दुमडा. सोल्युशन दोन्हीकडं लागतं, पुठ्ठ्याला आणि फोमला. फक्त पुठ्ठ्याला लावून काम उरकणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे. पहिला हात आडवा, दुसरा उभा, दोन्ही पातळ. एकाच जागी थांबून फवारलं तर सोल्युशन फोममधून कापडापर्यंत झिरपतं आणि तिथं कायमचा डाग पडतो.

आता थांबायचं. किती, ते डब्यावर लिहिलेलं असतं, पण खरी खूण बोटाची आहे. बोटाची मागची बाजू टेकवा. चिकट लागलं, पण बोटाबरोबर तार निघाली नाही, म्हणजे वेळ झाली. तार निघत असेल तर अजून ओलं आहे, त्यात द्रावक कोंडतं आणि उन्हाळ्यात तिथं फुगे येतात. बोटाला काहीच लागलं नाही तर उशीर झाला, आणखी एक पातळ हात मारा.

मधल्या रेषेपासून सुरुवात करा. जोडीदार कापड हवेत सैलसर धरून ठेवेल, ताणणार नाही. तुम्ही पालथ्या हातानं मधून पुढं आणि बाजूंना दाबत जा. खळगा आला की आधी त्याच्या तळाला कापड टेकवा, मग भिंती, मग कड. उलट केलं, म्हणजे आधी दोन्ही कडा चिकटवून मधला खळगा शेवटी दाबला, तर ते कापड तिथं ताणात राहतं आणि वैशाखात तंबूसारखं वर येतं. टोकदार पट्टी किंवा स्क्रेपर वापरू नका, फोम चेपला की तो पट्टा उजेडात दिसतो. अर्धं झालं की दुसरा अर्धा तसाच.

कडा मागं वळवताना वळणावर इंग्रजी व्ही अक्षरासारखे छोटे काप द्या, पण कडेपासून 5 मिलिमीटर अलीकडं थांबा. मागं दोन-तीन सेंटिमीटर वळलेलं राहू द्या. दिव्याची आणि हँडलची भोकं आज कापू नका.

चोवीस तास सावलीत, सुलटं. मग भोकं कापा, आधी मधे फुलीसारखी छोटी, आणि पाकळ्या आत वळवून चिकटवा.

डोअर पॅडच्या रेक्झिनला हाच क्रम, फक्त आर्मरेस्टच्या वळणावर हेअर ड्रायरनं रेक्झिन कोमट करून ओढायचं. कोमट म्हणजे हात ठेवता येईल इतकंच. पिलरवर मात्र जुन्यापेक्षा जाड फोम चढवू नका आणि एअरबॅगच्या फटीवरून कापड ओढून ती शिवू किंवा चिकटवू नका. पडदा एअरबॅगला बाहेर यायला तीच वाट आहे.

## पायरी 9: चिकटणारी बटणं

बटणांवरचा रबरासारखा मऊ लेप दमट हवेनं विरघळत जातो. घासून तो बरा होत नाही, काढावाच लागतो. बटणांचा संच बाहेर काढून फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि थोडं-थोडं पुसा. बाटली बटणावर ओतू नका, आत सर्किट आहे. चिन्हं लेपावर छापलेली असतील तर ती लेपाबरोबर जातात, म्हणून आधी एका न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघा. खालचं काळं प्लास्टिक बहुतेक वेळा चांगलं निघतं आणि तसंच ठेवलं तरी शोभतं.

## पायरी 10: गिअर बूट आणि सीट

गिअरचा चामडी बूट उसवून त्याचे तुकडे कागदावर आखा आणि कुशनवाल्याकडून शिवून घ्या. दोरा बाँडेड पॉलिस्टरचाच सांगा. सुती दोरा उन्हानं कुजतो. टाका साधारण 4 मिलिमीटरचा. फार बारीक टाके घातले तर चामड्याला टपाल तिकिटासारखी भोकं पडून ते तिथूनच फाटतं.

स्पोर्ट्‌स कारच्या सीटची बाहेरची उंच कड चढता-उतरता झिजते. बैठकीची कड स्थानिक कारागीर नीट करतात, फक्त प्रवासी सीटच्या फोममध्ये माणूस बसला आहे का ते ओळखणारा सेन्सर असू शकतो, तो सुईनं भोसकला जाऊ नये. पाठीच्या कडेत एअरबॅग असेल तर तिथलं शिवणकाम स्थानिक करून घेऊ नका. ती शिवण ठरावीक जोरानं फाटावी म्हणून वेगळ्या दोऱ्यानं घातलेली असते. पक्की शिवण एअरबॅग आतच अडवेल. तिथं मूळ कव्हरच हवं, आणि वरून साधं सीट कव्हर चढवणंही तितकंच धोक्याचं.

## पायरी 11: परत बसवणं

काढण्याच्या उलट क्रमानं. छत आधी, मग पिलर, मग बाकीचं. छत वर टेकवलं की आधी दोन सनवायझरच्या स्क्रूंवर सैल लटकवा, सगळ्या कडा जागेवर आल्या की मगच आवळा.

डोअर पॅडच्या क्लिपा नव्या लावून प्रत्येकीचं टोक भोकासमोर आलंय का ते डोळ्यानं बघा, मग तळहाताचा एकेक ठोसा. दोन प्लास्टिक एकमेकांना घासतात तिथं फेल्टची टेप लावा. नवं रेक्झिन लावल्यावर जाडी थोडी बदलते, आणि तिथंच कुरकुर सुरू होते.

पॅड पूर्ण बसवायच्या आधीची तपासणी: कनेक्टर जोडा, पिवळे सगळे जोडलेत का ते दोघांनी मोजा, मगच बॅटरी लावा. काच वर-खाली, लॉक, आरसा, स्पीकर, आतली कडी हे सगळं तपासा. कडीची तार जोडायची राहिली तर दार आतून उघडत नाही आणि पॅड पुन्हा काढावा लागतो. दार उघडं ठेवूनच काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवा. बऱ्याच गाड्यांत यानं काचेला तिची जागा पुन्हा कळते. मग हँडल ओढून काच थोडी खाली सरकते का ते बघा. सरकली तरच दार लावा.

पहिले दोन-तीन दिवस गाडी सावलीत ठेवा. नंतर एक पूर्ण दुपार मुद्दाम उन्हात उभी करा आणि चार वाजता आत बसून आरशाच्या आणि दिव्याच्या कडेवरून बोट फिरवा. नखाएवढा फुगा असेल तर कापड गरम आहे तोवरच तळहातानं दाबून मिनिटभर धरा, बसतो. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा असेल तर तिथं माती राहिली आहे, तेवढी कड उघडून पायरी 7 पासून पुन्हा करा.

उरलेलं कापड घडी न घालता काठीवर गुंडाळून ठेवा. पुढं सनवायझर बदलायचा झाला तर त्याच ताग्याचा रंग दुकानात पुन्हा मिळत नाही.